मांजरीची पिल्लं सापडली तर : आधी थांबा, मग ऊब, मग दूध



आज बोलायचंय ते मांजरीच्या अगदी लहान, आई नसलेल्या पिल्लांबद्दल. ती सापडली तर काय करायचं, काय पाजायचं, किती पाजायचं. पण सुरुवात मी माझ्या चुकीपासून करणार आहे. ती चूक बहुतेक सगळेच करतात आणि तिची किंमत पिल्लू मोजतं.

आम्ही बेंगळुरूत राहतो. मे महिन्यातली संध्याकाळ होती, वळवाची सर नुकतीच येऊन गेली होती. आमच्या इमारतीच्या तळघरात, जनरेटरच्या मागे, फळांच्या एका रिकाम्या खोक्यात मला चार पिल्लं दिसली. डोळे मिटलेले, एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी झोपलेली. मी खोका उचलला, तेव्हा आमचा वॉचमन कन्नडमध्ये म्हणाला, ‘तायी बरुत्ते, बिडी मॅडम.’ म्हणजे आई येईल, राहू द्या. मी ऐकलं नाही. मला वाटलं, याला काय कळतंय!

रात्री दोनच्या सुमारास तळघरातून मांजरीचा आवाज येत होता. लांबट, पुन्हा पुन्हा. ती हाक पिल्लांसाठी होती हे मला तेव्हा समजलं नाही. पिल्लं वर आमच्या स्वयंपाकघरात होती.

म्हणून पहिली गोष्ट : पिल्लं एकटी दिसली म्हणजे पोरकी असतात असं नाही. मांजरीला खाणं शोधायला जावंच लागतं. शिवाय आपल्याकडे म्हणतातच की मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. एकेक पिल्लू तोंडात धरून ती जागा बदलते, तेव्हा उरलेली मागे एकटीच असतात. पिल्लं स्वच्छ असतील, पोट गोल असेल, शांत झोपली असतील, तर आई आहे असं समजा. लांब उभं राहून दोन-तीन तास वाट पाहा. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती येणारच नाही. कुत्रे, गाड्या किंवा पाऊस यांचा धोका असेल, तर पिल्लांना तिथेच जवळ, कोरड्या आडोशाला ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, ही समजूत चुकीची आहे.

याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. जुन्नर भागात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे सापडतात. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक त्यांना तपासतात आणि रात्री सापडल्या जागीच खोक्यात परत ठेवतात. बहुतेक वेळा आई येते आणि त्यांना उचलून नेते. ऊसतोडणीत वाघाटीची आणि रानमांजराची पिल्लंही सापडतात. ती घरच्या मांजरासारखीच दिसतात, पण वन्यप्राणी असतात. शेतात पिल्लं सापडली तर घरी आणू नका, वन विभागाला कळवा.

आता, पिल्लं अंगानं रोड आहेत, मळलेली आहेत, अंगावर मुंग्या आहेत, सारखी ओरडताहेत किंवा आई मेलेली दिसली आहे. मग मात्र उचलायचीच. आणि इथे दुसरी गोष्ट : आधी ऊब, मग दूध.

बेंगळुरूची हवा छान, पंखासुद्धा लागत नाही असं आपण कौतुकानं सांगतो. मे महिन्यातही रात्री पारा २१-२२ अंशांवर येतो. आपल्याला ते सुखाचं असतं. पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला भोवती ३० ते ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते, कारण त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आईचं पोट हीच त्याची शेगडी. मी त्या रात्री खोका फरशीवर ठेवला होता, आत एक पातळ टॉवेल. सकाळी सगळ्यात लहान पिल्लू गारठलं होतं. मी घाबरून काय केलं, तर त्याला उताणं धरून पाणी घातलेलं गाईचं दूध ड्रॉपरनं पाजलं. दूध नाकातून बाहेर आलं. दुपारपर्यंत पिल्लू गेलं.

उरलेली तीन घेऊन मी पशुवैद्यांकडे धावले. त्यांनी रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं, ‘गार पिल्लाला दूध पचत नाही. आतडी थांबलेली असतात. आणि उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं.’ म्हणजे मी एकाच वेळी तीन चुका केल्या होत्या.

मग बरोबर काय? खोक्यात जाड कापड. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. पिल्लाच्या तोंडात बोट घालून पाहा. आत गार लागलं तर दूध नाही. तास-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्या. हेअर ड्रायर, गरम पाण्याची आंघोळ असलं काही नको.

तिसरी गोष्ट, दूध. ‘डोळे मिटून दूध पिणारी मांजर’ आपल्या भाषेत इतकी पक्की बसली आहे की गाईचं दूध चुकीचं असेल असं मनातही येत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं सुमारे साडेसात टक्के असतात, गाईच्या दुधात साधारण साडेतीन. त्यात आपण पाणी घालतो! पिल्लू उपाशी राहतं, वर जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही पुरतात. मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दुधाची पावडर प्राण्यांच्या दुकानात मिळते. ती डब्यावरच्या प्रमाणातच कालवायची, दाट किंवा पातळ करायची नाही. पावडर मिळेपर्यंत काय द्यायचं ते पशुवैद्यांना फोन करून विचारा.

किती पाजायचं? वजनावर. साधा हिशेब असा : दर १०० ग्रॅम वजनाला दिवसभरात सुमारे २० मिलिलिटर, आणि एका वेळी ४ मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. म्हणजे १२० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला २४ मिलिलिटर, ३ मिलिलिटरचे आठ वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, पुढे अंतर वाढवत न्यायचं.

पाजताना पिल्लू पोटावर, आईला पितं तसं, डोकं किंचित वर. सुई काढलेली १ मिलिलिटरची सिरिंज किंवा पिल्लांची बाटली. दूध मनगटावर टाकून कोमट लागलं पाहिजे. थेंब थेंब द्या, त्याला गिळू द्या. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा, आणि श्वास घरघरत असेल तर दवाखाना गाठा.

चौथी गोष्ट कोणी सांगत नाही. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मागची बाजू हलक्या हातानं पुसायची. हे केलं नाही, तर पोट फुगतं आणि भरपूर दूध पिऊनही पिल्लू दगावतं.

पाचवी गोष्ट, वजनकाटा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, वही करा, रोज एकाच वेळी मोजा. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, रोज किमान १० ग्रॅम वाढायला हवं, दोन आठवड्यांत वजन दुप्पट. एक दिवस वाढलं नाही तर सावध व्हा, कमी झालं तर थांबू नका, डॉक्टरकडे जा.

वय कसं ओळखायचं? डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान उभे होतात, पुढचे दात टोचू लागतात. चौथ्या आठवड्यात दुधात कालवलेलं मऊ खाणं बशीत द्या आणि मातीचा ट्रे ठेवा. आठ आठवड्यांआधी भावंडांपासून तोडू नका, खेळताना किती जोरात चावायचं हे ती एकमेकांकडूनच शिकतात.

दोन धोके पक्के लक्षात ठेवा. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, तेही जीव घेतं. पिसवा बारीक दातांच्या फणीनं काढा. जंताचं औषध आणि सहा ते आठ आठवड्यांची पहिली लस डॉक्टरांकडूनच. आणि पिल्लू चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणानं १५ मिनिटं धुऊन तुम्ही स्वतः डॉक्टरकडे जा. रेबीजची थट्टा नाही.

बेंगळुरूत मदत आहे. हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. क्रिस्टल रॉजर्स या बाईंनी १९९१ मध्ये सुरू केलेली ‘क्यूपा’ ही संस्था आहे. पण दर दोन तासांनी पाजायला माणूस लागतो, आणि संस्थांकडे माणसं नेहमीच कमी असतात. म्हणून पहिले तीन आठवडे घरी करता आले तर करा. शेजारच्या दोन घरांत पाळ्या लावा.

माझी तीन पिल्लं? डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन रात्री त्यांना ऊब ठेवून तळघरात त्याच जागी ठेवलं, मी जिन्यात बसून राहिले. आई आली नाही. एकदा चुकलेली वेळ परत आली नाही. तिन्ही पिल्लं आमच्याकडे वाढली. दोन चांगल्या घरी गेली, एक आमच्याकडे आहे. तिघांचीही नसबंदी केली. चार-पाच महिन्यांत मांजर गाभण राहू शकते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. तळघरात पुन्हा खोका सापडू नये असं वाटत असेल, तर उपाय हाच.

पुढच्या वर्षी वॉचमननं मला बोलावलं. जुन्या सायकलींच्या मागे दुसऱ्या मांजरीची दोन पिल्लं होती. मी त्याला विचारलं, ‘तायी बरुत्ते?’ तो हसला. आम्ही दोघं गेटजवळ जाऊन बसलो. अडीच तासांनी ती आली, एक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली, मग दुसरं न्यायला परत आली. त्या दिवशी मी दुधाचा एक थेंबही पाजला नाही.