वाहनमुक्त दिवस : बाजार शांत ठेवणे आपल्याच हाती

वर्षातून एखादा दिवस पेठेतील रस्ता मोटारी, रिक्षा व मोटारसायकलींना बंद ठेवण्याची प्रथा आपल्या राज्यातही आली आहे. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रोडवर ‘पादचारी दिन’ पाळला. लक्ष्मी रोड म्हणजे कापडाची व सराफीची मोठी पेठ. जळगावचे फुले मार्केट किंवा धुळ्याचा आग्रा रोड येथेही उद्या असा विचार पुढे येऊ शकतो. म्हणून दुकानदारांनी हा विषय आधीच समजून घेतलेला बरा.

पहिली भीती धंद्याची. गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही, असे आम्हा कापडवाल्यांना वाटते. पण धरणगाव-एरंडोलहून जळगावला किंवा साक्री-शिंदखेड्याहून धुळ्याला लग्नाचा बस्ता बांधायला येणारे कुटुंब पुष्कळदा एस.टी.ने येते आणि पेठेत पायीच फिरते. मागून हॉर्न वाजत असताना ते लेकरू सांभाळणार की कापड पाहणार? भाव एकदाच सांगून ऐकू गेला, तर सौदाही लवकर जमतो.

खरा प्रश्न आवाजाचा आहे. पॅरिसमध्ये २०१५ साली असा पहिला दिवस पाळला, तेव्हा शहराच्या मध्यभागी आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरला. ३ हा आकडा लहान दिसतो, पण तेवढ्याने आवाजाची ऊर्जा निम्मी होते. मात्र गाड्या गेल्या आणि त्यांच्या जागी मंच, डीजे व दुकानादुकानावर भोंगे आले, तर कमावलेले सारे गमावले. आपल्या पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. आजारी माणूस, अभ्यास करणारी मुले तेथेच राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा व्यापारी भागात ६५ व निवासी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, दवाखाने व न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरविता येते, तेथे ती ५० आहे. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. सणाच्या नावाने हा नियम सुटत नाही.

दुसरी अडचण मालाची. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून लाल किल्ल्याजवळील जैन मंदिर ते फतेहपुरी मशीद या रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. तेथील कापडबाजाराला गाठींची ने-आण त्या वेळेबाहेर करावी लागते. आपल्याकडेही सुरत-भिवंडीच्या गाठी पहाटे उतरवून घ्याव्यात. दिवसा लोटगाडी चालू ठेवावी, म्हणजे हमाल बांधवांची मजुरी बुडणार नाही.

तिसरी गोष्ट अमनाची. धुळे शहराने २००८ आणि २०१३ साली दंगल पाहिली. २०१३ ची ठिणगी एका हॉटेलातील पैशाच्या वादातून पडली. मोकळ्या रस्त्यावर गर्दी जमते, आणि किरकोळ बाचाबाची वाढायला वेळ लागत नाही. अशा वेळी दुकाने दोन्ही समाजांची जळतात आणि रोजंदारीवाला महिनोन्‌महिने उपाशी राहतो. म्हणून व्यवस्था केवळ पोलिसांवर सोडू नये.

आमच्या मते व्यापारी संघटनांनी पुढील गोष्टी आधी ठरवाव्यात :

१) पहिला प्रयोग पितृपक्षासारख्या मंदीच्या काळात करावा. रमजानचा शेवटचा अशरा, दिवाळी, लग्नसराई व आठवडे बाजाराचा दिवस टाळावा.

२) मंच, डीजे, भोंगे नकोत. ओरडून गिऱ्हाईक ओढणेही त्या दिवशी बंद.

३) मोटारसायकल आत आणायचीच तर इंजिन बंद करून, हाताने ढकलत.

४) रस्त्याच्या दोन्ही टोकांना वाहनतळ, वृद्ध व अपंगांसाठी सायकलरिक्षा.

५) रुग्णवाहिका व अग्निशामक बंबासाठी मधली वाट मोकळी. तेथे दुकानाचा माल किंवा हातगाडी नको.

६) दोन्ही समाजांतील दुकानदारांची मिळून स्वयंसेवक तुकडी. वाद झाल्यास ती जागच्या जागी मिटवील.

७) त्या दिवसाची विक्री प्रत्येकाने वहीत टिपावी. पुढचा निर्णय ऐकीव गोष्टींवर नव्हे, या आकड्यांवर व्हावा.

व्यापारी बांधवांनो, हुकूम वरून आला की आपण नाराज होतो. नियम आपणच बसून ठरविले, तर ते पाळणेही सोपे जाते. रस्ता बंद करणे पालिकेच्या हाती आहे. तो शांत ठेवणे आपल्या.