जॉबर ते व्हॉट्सॲप : कारखान्यातील संवादमार्गांचा मागोवा

व्यवस्थापनाचे म्हणणे कामगारापर्यंत आणि कामगाराचे म्हणणे व्यवस्थापनापर्यंत ज्या वाटेने पोचते, तिला व्यवस्थापनशास्त्रात संज्ञापनाची वाहिनी म्हणतात. सूचना फलक, परिपत्रक, पर्यवेक्षक, संघटनेचा प्रतिनिधी, गृहपत्रिका, पाळीच्या सुरुवातीची बैठक आणि अलीकडचा मोबाइलवरचा गट ही सारी तिचीच रूपे होत. भोर तालुक्याच्या पूर्व भागातील भोंगवली आणि आसपासच्या गावांच्या दृष्टीने हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यातील शिरवळचा औद्योगिक पट्टा लागतो, आणि शेती सांभाळून तेथे पाळीने कामाला जाणाऱ्या माणसाला उद्याची पाळी कोणती, ओव्हरटाइम आहे की नाही, पगारातून कपात कशाची झाली हे कोणत्या वाटेने कळते, यावर त्याच्या घरचा दिवस ठरतो. या वाटा कशा घडल्या हे पाहण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावे लागते.

गिरणीत व्यवस्थापन आणि कामगार यांच्यामध्ये एकच माणूस उभा होता, तो म्हणजे जॉबर. गावाकडून माणसे आणणे, त्यांना मागावर लावणे, रजा देणे, कामावरून काढणे आणि साहेबाचा हुकूम त्यांच्या भाषेत सांगणे ही सर्व कामे त्याच्याकडे असत. वरून आलेला हुकूम तो आपल्या सोयीने सांगे आणि खालून आलेली तक्रार आपल्या सोयीने दाबे. भरती आणि निरोप या दोन्ही गोष्टी एकाच हाती असल्यामुळे त्याला जाब विचारण्याची कामगाराची प्राज्ञा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांचे मोठेपण या संदर्भात नीट कळते. एका गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेल्या लोखंडे यांनी 1880 पासून ‘दीनबंधु’ हे पत्र चालवले आणि 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे मांडले. कारखान्याच्या आत वर जाणारी वाट बंद होती, म्हणून त्यांनी ती कारखान्याबाहेर, छापील शब्दातून आणि सभेतून काढली, आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती याच वाटेने. कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या हातून भरती काढून घेण्याची शिफारस केली आणि मुंबई इलाख्यात 1934 च्या कायद्याने कामगार अधिकारी हे पद आले. तक्रार ऐकून घेण्यासाठीच नेमलेला, जॉबरच्या साखळीबाहेरचा माणूस, एवढ्या अर्थाने ते पद नवे होते.

याच काळात औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर, 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत, वेगळाच प्रयोग चालला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याचे गृहपत्र म्हणून 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. गृहपत्र म्हणजे संस्थेने आपल्या माणसांसाठी आणि आपल्याशी व्यवहार असणाऱ्यांसाठी काढलेले नियतकालिक. पुढे त्याच्या नावातून ‘खबर’ हा शब्द गेला, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे आली आणि मराठी वाचकाच्या घडणीत या तिघांनी मोलाची भर घातली. तो इतिहास अनेकांनी लिहिला आहे. येथे नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की पत्र जसजसे महाराष्ट्राचे झाले, तसतसे ते कारखान्याच्या आतल्या बोलण्याचे साधन राहिले नाही, आणि गृहपत्रिकेचा हा स्वभावच आहे. अभिमान, ओळख आणि आपलेपणा ती उत्तम रुजवते, परंतु महिन्याने येणाऱ्या आणि संपादकाच्या हातून जाणाऱ्या पानावर मशीनची तक्रार कोणी लिहीत नाही. पुढे अनेक कंपन्यांनी चकचकीत गृहपत्रिका काढल्या. त्यांत सत्कार, वाढदिवस आणि अध्यक्षांचे मनोगत भरपूर असे, पण कामगाराचा प्रश्न शोधूनही सापडत नसे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे तीन कायद्यांनी कारखान्यातील वाटांना ठरीव रूप दिले. सेवाशर्तींचे नियम, म्हणजे स्थायी आदेश, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दरवाजाने बहुतेक कामगार आत येतात त्याच्याजवळ आणि प्रत्येक विभागात खास फलकावर लावले पाहिजेत, असे 1946 च्या कायद्याने सांगितले, आणि सूचनांच्या भाषेविषयी 1948 च्या कारखाना अधिनियमानेही तोच आग्रह धरला. या तरतुदी बारकाईने वाचाव्यात अशा आहेत, कारण भाषा कोणती आणि फलक नेमका कोणत्या दारापाशी, हे दोन्ही प्रश्न त्यांनी कामगाराच्या बाजूने सोडवले होते. प्रत्यक्षात फलकाला काच आली, काचेला कुलूप आले, किल्ली टाइम ऑफिसात गेली आणि जावक क्रमांक घातलेल्या जड मराठीतल्या सूचनेखाली जुन्या सूचना पिवळ्या पडत राहिल्या. तरीही फलकाची एक ताकद मान्य केली पाहिजे : त्यावर लागलेला शब्द नंतर बदलता येत नाही, आणि ‘असे म्हटलेच नव्हते’ असे व्यवस्थापनाला म्हणता येत नाही.

फलक एकाच दिशेने बोलतो, ही त्याची उणीव 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील कामगार-व्यवस्थापन समितीने भरून काढायची होती. शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची समिती नेमण्याचा आदेश सरकारला देता येत होता. मात्र या समित्या फारशा रुजल्या नाहीत. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने 1969 मध्ये त्याची कारणे दिली, त्यांत समितीचा केवळ सल्ल्यापुरता अधिकार, कार्यकक्षेतील संदिग्धता, संघटनांमधील चुरस आणि मालकांची अनिच्छा ही प्रमुख होती. चहा, कँटीन आणि पाण्याच्या कूलरपलीकडे ज्या समितीला बोलताच येत नाही, तिच्याकडे कामगाराने पाठ फिरवली यात नवल नाही. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेला कारखान्याच्या आवारात स्वतःचा फलक लावण्याचा हक्क दिला आणि अनेक दरवाजांवर दोन फलक शेजारी शेजारी आले. नवी सूचना लागली की कामगार आधी कंपनीची वाचत आणि मग तिचा अर्थ संघटनेच्या फलकावर पाहत.

कायद्याने ठरवलेली वाट आणि कामगाराने निवडलेली वाट यांत किती अंतर पडू शकते, हे मुंबईच्या 1982 च्या संपाइतके अन्यत्र कोठे दिसत नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार कापड उद्योगात राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रातिनिधिक संघटना होती, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिच्याकडे होता. बोनसच्या प्रश्नावर चिडलेले कामगार 1981 च्या अखेरीस कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. मालक आणि सरकार कायद्यावर बोट ठेवून मान्यताप्राप्त संघटनेशीच बोलू पाहत होते, पण जिच्याशी बोलायचे तिच्यामागे कामगार उरले नव्हते. संपाच्या अपयशामागे गिरण्यांची जुनाट यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचे वाढते मोल अशी अनेक कारणे होती. परंतु बोलण्याची अधिकृत वाट कामगाराचा विश्वास गमावून बसली होती आणि विश्वासाच्या वाटेला अधिकार नव्हता, हे कारण त्यांत कमी मोलाचे नाही.

मुंबईच्या गिरण्या थकत असताना, 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे उद्योग पुण्याकडे आणि पुढे सातारा रस्त्याला सरकत होता. जपानमध्ये 1962 पासून वाढलेली गुणवत्ता मंडळे, म्हणजे एकाच विभागातील मोजक्या कामगारांनी ठरावीक वेळी बसून आपल्याच कामातील अडचण सोडवण्याची पद्धत, ऐंशीच्या दशकात भारतात आली आणि तिच्याबरोबर पाळीच्या सुरुवातीची पाच-दहा मिनिटांची उभ्याने घेतली जाणारी बैठकही. याच दशकात रिचर्ड डाफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल या अमेरिकी अभ्यासकांनी ‘माध्यमाची समृद्धता’ ही कल्पना मांडली. उत्तर लगेच मिळते का, शब्दांखेरीज चेहरा आणि स्वर पोचतो का, निरोप त्या माणसासाठीच आहे असे वाटते का, यांवर माध्यमाची समृद्धता ठरते. निरोप जितका संदिग्ध तितके समृद्ध माध्यम हवे आणि सरळ नोंदीला साधे माध्यम पुरते. या कसोटीने पाहता सुट्ट्यांची यादी फलकावर शोभते, पण पाळ्यांची फेररचना किंवा नव्या यंत्रामुळे कमी होणारी माणसे हा विषय समोरासमोरच बोलला पाहिजे. तथापि या सिद्धान्तात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे सत्ता. समोरासमोरच्या बैठकीत बोलणाऱ्याची नोकरी ऐकणाऱ्याच्या हाती असेल, तर सर्वांत समृद्ध माध्यमही मुके राहते.

भोर तालुक्यातील साखर कारखानदारीत वाहिनीचा आणखी एक नमुना दिसतो. निगडे येथील राजगड सहकारी कारखान्यासारख्या कारखान्याच्या हंगामात शेती खाते, शेतकरी, तोडणी टोळी आणि वाहतूकदार यांना जोडणारा दुवा म्हणजे चिटबॉय. कोणत्या फडात उद्या कोयता लागणार हे तो सांगतो, आणि वाट बघून थकलेल्या शेतकऱ्याचा रागही तोच ऐकतो. हुद्द्याने सर्वांत खालचा असूनही तो पुन्हा उद्या त्याच बांधावर येणार असतो, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत राहते.

मार्च 2020 च्या टाळेबंदीने व्हॉट्सॲप ही कारखान्याची जवळपास अधिकृत वाहिनी केली. भोंगवलीतल्या कामगाराच्या दृष्टीने तिचा लाभ खरा आहे : पाळी रद्द झाल्याचा निरोप घरीच मिळाला की नदीपलीकडची खेप वाचते. परंतु कंत्राटी कामगारापर्यंत हा निरोप कसा पोचतो, हे बारकाईने पाहावे. मनुष्यबळ विभाग तो ठेकेदाराला पाठवतो, ठेकेदार आपल्या सुपरवायझरला, आणि सुपरवायझर रात्री उशिरा गटावर टाकतो, ‘उद्या सेकंड नाही, फर्स्टला या’. गटावर बहुधा फक्त ॲडमिनलाच लिहिता येते. कोणी सुपरवायझरला फोन करून कारण विचारले, तर पुढच्या आठवड्यात त्याला कामावर घ्यायचे की नाही हेही तोच सुपरवायझर ठरवतो. भरती आणि निरोप पुन्हा एकाच हाती आले आहेत. 1931 च्या अहवालाने जे मोडायला सांगितले, तेच मोबाइलच्या आधाराने परत उभे राहिले आहे. कायम कामगाराला संघटनेचा फलक तरी आहे, कंत्राटी कामगाराला तोही नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तीत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसमान आणि स्त्रियांना पुरेसे स्थान हवे. भोंगवली-शिरवळ पट्ट्यातील व्यवस्थापनांनी या समितीच्या सदस्यांची नावे साध्या मराठीत, कामगार ज्या दाराने आत येतात त्या दारावर लावावीत, आणि कंत्राटी कामगाराची तक्रार ठेकेदाराच्या हातून न जाता तिची थेट नोंद होईल, अशी सोय करावी.