पाण्याचा ताळेबंद गावाच्या वेशीपर्यंतच

पावसाळा सरला की हिवरे बाजारची ग्रामसभा हिशेबाला बसते. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पाऊस मोजला गेला, विहिरींची पातळी कुठवर आली, गावात माणसं किती, जनावरं किती. पिण्याचं आणि घरगुती वापराचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यातून शेतीच्या वाट्याला किती येतं ते पाहायचं. पाऊस कमी झाला असेल तर गहू-कांद्याचं क्षेत्र आवरायचं, ज्वारी-हरभऱ्याकडे वळायचं आणि उन्हाळी पिकाचं नाव काढायचं नाही.

नगर तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेतलं. चांगल्या वर्षीही पाऊस बेताचाच. 1972 च्या दुष्काळानंतर इथून कामाच्या शोधात माणसं बाहेर पडू लागली होती. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेतून समतल चर, बांधबंदिस्ती, झाडं लावणं सुरू झालं. अशी कामं राज्यात असंख्य गावांत झाली, पण कितीतरी ठिकाणी अडवलेलं पाणी बोअरच्या चढाओढीत पुन्हा उपसून गेलं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस, केळी लावायला बंदी घातली. खरी कामगिरी चर खणण्यापेक्षा ही आहे.

हीच बंदी मंत्रालयातून आली असती तर चार दिवसांत पळवाटा निघाल्या असत्या. 2009 चा भूजल कायदा खोल विहिरींना आवर घालू पाहतो, पण रात्री बोअरची गाडी शिवारात आली तर तिला अडवणार कोण? हिवरे बाजारात नियम मोडणाऱ्याला शेजाऱ्यांसमोरच उभं राहावं लागतं, कारण आकडे सगळ्यांसमोर मांडलेले असतात. शिवाय हिशेब दरवर्षी नव्याने होतो. मोठा खंड आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, अशा लहरी हवामानात पाच वर्षांचा आराखडा जुना होतो. दरवर्षीचा ताळेबंद जुना होत नाही.

गाव एका माणसावर उभं आहे, ही टीका अगदीच निराधार नाही. तीसेक वर्षं इथे ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोधच व्हायची. जानेवारी 2021 मध्ये लढत झाली आणि पवारांच्याच पॅनेलने ती जिंकली. विरोधी उमेदवार उभा राहिला ही गोष्ट गावाच्या तब्येतीला चांगलीच म्हणायची.

अडचण वेशीबाहेर सुरू होते. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात मुळा, भंडारदरा, निळवंडे ही धरणं, कालवे आणि ऊस. खाली गोदावरीवर पैठणचं जायकवाडी धरण आणि तहानलेला मराठवाडा. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या शिफारशींवरून ठरलं. 2023 मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा आंदोलनं झाली, कोर्टाची दारं ठोठावली गेली. वरचा प्रवरा नदीकाठचा शेतकरी आणि खालचा पैठणचा शेतकरी एकाच सतरंजीवर बसून आकडे तपासतील अशी जागाच नाही. त्यात मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेवर प्रशासक आला आणि निवडणूक लांबतच गेली.

अशी जागा तयार करता येते. फ्रान्सने 2019-20 मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे 150 नागरिक निवडले आणि हवामानावर त्यांची सभा भरवली. त्यांच्या कित्येक सूचना पुढे कायद्यात बोथट झाल्या, तरी प्रयोगातला एक भाग गोदावरीला उपयोगी आहे: पुढच्या निवडणुकीची काळजी नसलेली माणसं तोट्याची वाटणी मोकळेपणी बोलू शकतात. कालव्याला पाणी कधी सोडायचं ती आवर्तनं ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समित्यांत मंत्री-आमदारांचा शब्द चालतो. तिथे दोन्ही काठांवरचे चिठ्ठीने निवडलेले शेतकरी, शेतमजूर आणि हंडे वाहणाऱ्या बायका बसवायला, आणि बैठकीआधी धरणसाठ्याचा हिशेब प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवायला, नवं धरण बांधावं लागत नाही.