चुन्यातला मका

नाशिकच्या आमच्या उन्हाळी शिबिरात मी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना देशोदेशीचं जेवण शिकवते. पूर्वी एका दिवसात पाच देश व्हायचे. मुलं पोटभर खायची, पण नावांपलीकडे काही त्यांच्या लक्षात राहायचं नाही. यंदा मेक्सिकोला दोन दिवस दिले, तेही फक्त मक्याच्या भाकरीसाठी, म्हणजे तोर्तियासाठी.

पहिल्या संध्याकाळी किलोभर वाळलेला पांढरा मका दहा ग्रॅम चुना घालून शिजवला. चुन्याला हात मीच लावला. मुलं लांबून बघत होती. "पानातला चुना?" हो, तोच, खायचा. भांडं रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी दाणे चोळले तर सालं सुटून हातात यायला लागली. पोरं त्यातच रमली! चार पाण्यांनी धुऊन पाट्यावर वाटलं. तिकडे पाट्याला मेताते म्हणतात, तव्याला कोमाल.

शेजारी मक्याच्या साध्या पिठाचा गोळा होता, गार पाण्यात मळलेला. थापताना त्याला चिरा पडल्या आणि तो विस्कटला. चुन्यातल्या मक्याची भाकरी मात्र अखंड उचलली गेली.

मग मी गोष्ट सांगितली. मेक्सिकोत माणसानं मका पिकवायला घेतला त्याला सुमारे ९००० वर्षं झाली. चुन्याची रीतही तिथे हजारो वर्षं चालत आलेली. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, रीत मागेच राहिली. अठराव्या शतकात स्पेन-इटलीत निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांची कातडी सोलवटली, भ्रम झाला, माणसं दगावली. हा पेलाग्रा. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. नायसिननं हा रोग बरा होतो, हे कळायला १९३७ साल उजाडलं. दाणे नेले, पण ते रांधणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नाही, याचा मला आजही राग येतो आणि तो मी मुलांपासून लपवत नाही.

ठेचा लावून तोर्तिया खाताना एकानं ठणकावलं, "मिरची तरी आपलीच!" तीही तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. वर्ग गप्प झाला. मग दहा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मावशी, आणि ज्वारी?"

ज्वारी आफ्रिकेतली. सुदानमध्ये ती आंबवून तिची किसरा नावाची पातळ भाकरी करतात. त्याच दुपारी मुलांनी ज्वारीचं पीठ भिजवलं आणि पातेल्यावर फडकं बांधलं.