म्हशीच्या कानातले बारा आकडे

भिवंडीच्या गोदामात शिरणाऱ्या प्रत्येक खोक्याची नोंद होते, मग गोदामांपलीकडच्या तबेल्यांतल्या म्हशींची होते का, असं संपादकांनी विचारलं. उत्तर म्हशींच्या कानात होतं. पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला, त्यावर बारा आकडी क्रमांक आणि बारकोड. त्यालाच पशुआधार म्हणतात.

सरकारी इतिहास लहान आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या 'इनाफ' या पशुनोंदणी प्रणालीपासून हे क्रमांक रुळले. सप्टेंबर 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्धची लसीकरण मोहीम मथुरेहून सुरू झाली, तेव्हा बिल्ले गावोगाव पोचले. आता नोंदी 'भारत पशुधन' अ‍ॅपमध्ये जातात. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याविना खरेदी-विक्री नाही, सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत आणि वीज पडून जनावर गेलं तर भरपाईही नाही, असा नियम आहे.

तबेल्यात मी रेंगाळलो तो बिल्ले मारणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाचे हात बघत. बिल्ल्याचे भाग दोन, एक खुंटीचा, एक भोकाचा. पक्कडीसारख्या यंत्रात ते बसवायचे आणि कानातल्या दोन जाड शिरांमधली जागा बोटांनी चाचपून शोधायची. शीर फुटली तर रक्त थांबत नाही. बिल्ला कडेला बसला तर दाव्यात अडकून कान फाटतो. मुऱ्हा म्हशीची शिंगं वळलेली, धरायला काही नाही, म्हणून गडी दावं आखूड करून मान दाबून धरतो. कट्ट! खुंटी भोकात गेली की परत निघत नाही. काढायची तर कापावी लागते, आणि कापलेला बिल्ला दुसऱ्या जनावराला चालत नाही. या साध्या हट्टी खुंटीवरच सगळी व्यवस्था टांगलेली आहे.

"डॉक्टर, चोरीला गेली तर मोबाइलवर दिसेल का?" तबेलेवाल्याने विचारलं.

"नाही हो शेठ, प्लॅस्टिक आहे ते."

बहुतेकांचा हाच गैरसमज असतो. खऱ्या इलेक्ट्रॉनिक टॅगमध्ये चिप आणि तांब्याची गुंडाळी असते, बॅटरी नसते. वाचकयंत्र जवळ आणलं की त्याच्या 134.2 किलोहर्ट्झच्या लहरींवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. जनावर कुठे आहे हे तिलाही ठाऊक नसतं, पण मान धरावी लागत नाही. 2001 मधल्या लाळ्या-खुरकुतीच्या साथीत पोळलेल्या उरुग्वेने 2006 पासून गाईगुरांना असे टॅग सक्तीचे केले. आपल्याकडे बारकोडवर शेण वाळलेलं असतं, मग एक जण आकडे मोठ्याने वाचतो आणि दुसरा मोबाइलवर टाइप करतो. एक आकडा चुकला तर भलत्याच कुणाची तरी म्हैस समोर येते.

त्यात तबेल्याचा धंदाच जनावर फिरवण्याचा. ताजी व्यालेली म्हैस हरियाणा किंवा गुजरातेतून येते, आटली की पुढे विकली जाते. बिल्ला तिच्याबरोबर प्रवास करतो, अ‍ॅपमधलं मालकाचं नाव मागेच राहतं. सौदा व्यापाऱ्यामार्फत, तोंडी, रोखीत. जुन्या मालकाला इथला तबेला माहीत नाही, नव्याला त्याचं गाव माहीत नाही. नोंद बदलून घेण्याची आठवण होते ती म्हैस आजारी पडल्यावर. पारडीचं निदान टॅगिंग होतं. नर रेडकाला बिल्ला मारायची घाई कुणालाच नसते, कारण ते फार दिवस राहणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. हे मला बिल्ल्यापेक्षा जास्त खुपलं.

फाटक्या कानाची एक म्हैस पुढे आली. बिल्ला गळून पडलेला, जुना क्रमांक कुणी लिहून ठेवला नव्हता. पर्यवेक्षकाने दुसऱ्या कानात नवा मारला. लाळ्या-खुरकुतीची लस दर सहा महिन्यांनी द्यायचीच असते, ती त्याने टोचली. ब्रुसेलोसिसची लस मात्र चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांनाच देतात. हा रोग गाभ पाडतो, कच्च्या दुधातून आणि वारेच्या संपर्कातून माणसालाही होतो. हिला लहानपणी लस मिळाली होती का, हे जुन्या क्रमांकावरच कळलं असतं. नव्या क्रमांकापुढे त्याने वय अंदाजाने भरलं, ब्रुसेलोसिसचा रकाना रिकामा ठेवला आणि पुढच्या म्हशीकडे वळला.