गायकाचा चेहरा आणि गळा

गवयाच्या जीवनावरील बोलपट पाहताना एक प्रश्न अवश्य मनात धरावा: दिसणारा नट आणि ऐकू येणारा गळा एकाच माणसाचा आहे काय? १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेबांची भूमिका करीत आणि स्वतःच गात. २०१५ च्या बोलपटात मात्र चेहरा सचिन पिळगांवकरांचा, तर गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. या सोयीने उत्तम नट व उत्तम गवई दोन्ही लाभतात. परंतु तान घेतानाचे श्रम नटाला मुद्रेवर उसने आणावे लागतात. २०२२ च्या ‘मी वसंतराव’मध्ये नातवानेच आजोबांची भूमिका केली व गाइलीही. तेथे तो दुरावा मिटला. म्हणून असे बोलपट एकदा पाहावेत, आणि एकदा डोळे मिटून ऐकावेत.