मुळांभोवतीची माती

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या दारात पत्र्याच्या पेट्या उतरतात आणि त्यांच्यामागून सहा-सात वर्षांची मुले येतात. पूर्वी आम्ही पालकांना सांगत असू, "मूल खेळात रमले की हळूच निघून जा." हेतू चांगला होता, रीत मात्र चुकीची होती. मूल खेळातून भानावर येई, तेव्हा घराबरोबर मोठ्यांवरचा विश्वासही हरवलेला असे. पुढे कित्येक दिवस ते फाटकापाशी जाऊन बसे. आता आम्ही आईवडिलांना मुलाच्या समोरच निरोप घ्यावयास सांगतो. मूल रडते, परंतु आपल्याला फसवून कोणी गेले नाही, हे त्याला ठाऊक असते, आणि ते बहुधा लवकर सावरते.

हाच अनुभव घर बदलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत. घर बदलण्याची कारणे अनेक असतात : नोकरीतील बदली, भाड्याची खोली, चाळीचा पुनर्विकास. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, साखर कारखान्याच्या परिसरात कोपी उभारतात आणि हंगाम संपताच परततात. त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलांचे घर वर्षातून दोनदा बदलते. मोठ्यांना या स्थलांतराचे कारण ठाऊक असते. लहान मुलाचे घर म्हणजे अंथरुणाची ठरलेली जागा, शेजारून येणारी हाक, दारातले झाड. हे सारे एकाएकी नाहीसे झाले की मूल अंथरूण ओले करू लागते, अंगठा चोखू लागते, जेवत नाही किंवा क्षुल्लक कारणावरून भांडते. पालक याला हट्ट समजून रागावतात. वास्तविक शब्दांत सांगता न आलेले दुःखच अशा रीतीने व्यक्त होत असते.

अशा वेळी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे मुलाला आधी सांगावे. "पुढच्या महिन्यात" हे लहानग्याला उमगत नाही. "पोळा झाला की" असे म्हटले तर उमगते. शक्य असल्यास नवे घर एकदा दाखवून आणावे. दुसरी गोष्ट, जुन्या घराचा निरोप घेऊ द्यावा. सवंगड्यांना आणि शेजारच्या आजीला भेटून येऊ द्यावे. तिसरी गोष्ट, सामान बांधताना मुलाची फाटकी गोधडी किंवा मोडके खेळणे टाकून देऊ नये. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा वस्तूंचे मर्म उलगडून दाखविले आहे. आई जवळ नसताना मूल त्या वस्तूत आधार शोधते. चौथी गोष्ट, नव्या घरात आधी मुलाचा कोपरा लावावा आणि जेवणाची, झोपेची वेळ व निजतानाची गोष्ट पूर्वीसारखीच ठेवावी.

वसतिगृहातील मुलांच्या पालकांना एक विशेष विनंती आहे. एका वर्षी पहिलीतील एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला, तो थेट नव्या घरी. परत आल्यावर चित्रकलेच्या तासाला तो कितीतरी दिवस जुनेच घर काढीत राहिला. त्या घराचा निरोप घेण्याची संधी त्याला मिळालीच नव्हती. म्हणून घर बदलण्याचे ठरताच आम्हांला कळवावे, मुलाशी स्वतः बोलावे आणि सुट्टीत एकदा तरी त्याला जुन्या जागी नेऊन आणावे.

बाबासाहेबांच्या बालपणीही महू, दापोली, सातारा, मुंबई असे मुक्काम बदलत गेले. साताऱ्यात आई भीमाबाई यांचे निधन झाल्यावर आत्या मीराबाई यांनी या मुलांना मायेने सांभाळले. मुक्काम बदलला तरी मायेचे माणूस जवळ असणे मुलाला किती मोलाचे असते, हे आपण सारे जाणतो.

रोप दुसरीकडे लावताना जाणता शेतकरी मुळांभोवतीची थोडी माती तशीच राहू देतो. आपल्या मुलांच्या बाबतीत एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी, हीच अपेक्षा.